खाऊतील कृत्रिम रंग आणि मुलांचे वर्तन

आठवडे बाजाराहून परतताना मुलांसाठी खाऊ आणण्याची आपल्याकडे रीत आहे. पिवळीजर्द जिलेबी, लालभडक बर्फाचा गोळा, रंगीत गोळ्यांची पुडी यांवरच मुलांची नजर प्रथम जाते. या रंगाने पदार्थाची चव वाढत नाही आणि कसही वाढत नाही. मात्र काही मुलांच्या स्वभावावर त्याचा परिणाम होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे आवश्यक आहे.

कृत्रिम खाद्यरंग म्हणजे काय?

हे रंग पूर्वी दगडी कोळशाच्या डांबरापासून तयार करीत. आता ते खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांपासून बनवितात. ते स्वस्त पडतात, थोडेसे पुरतात आणि सहसा फिके पडत नाहीत. आपल्या देशात टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन, पॉन्सो ४ आर यांसारख्या मोजक्याच रंगांना ठराविक पदार्थांत परवानगी आहे. त्यांचे प्रमाण साधारणतः एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा दंडक आहे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील डॉ. बेन फाइनगोल्ड यांनी १९७३ साली कृत्रिम रंग व स्वाद यांचा संबंध मुलांच्या अतिचंचलतेशी जोडला. त्यावर अनेक वर्षे वाद झाला. पुढे इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने ३ वर्षे आणि ८ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे ३०० मुलांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मुलांना काही आठवडे रंगांचे मिश्रण व सोडियम बेंझोएट हे परिरक्षक घातलेले पेय, तर काही आठवडे तसेच दिसणारे साधे पेय देण्यात आले. कोणते पेय केव्हा दिले, हे मुलांना, पालकांना व शिक्षकांना ठाऊक नव्हते. रंगाचे पेय घेताना मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढल्याचे आढळले. काही मुलांवर परिणाम ठळक होता, तर काहींवर जवळजवळ नव्हता.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००८ साली हा पुरावा मर्यादित ठरविला. कोणत्या एका रंगाचा दोष, हेही त्यातून ठरत नाही. तरीही जुलै २०१० पासून युरोपीय संघात या चाचणीतील सहा रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या हालचाली व एकाग्रतेवर प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता छापणे सक्तीचे झाले. वर दिलेले आपल्याकडील चारही रंग त्या सहांत आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्यविषयक अहवालानेही २०२१ साली काही मुलांना या रंगांचा त्रास होतो, असा निष्कर्ष काढला.

आता हिशेब पाहा. साउदॅम्प्टनच्या चाचणीत ३ वर्षांच्या मुलांना एका मिश्रणातून रोज २० मिलिग्रॅम रंग मिळत होता. १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेइतका रंग असलेल्या सरबताच्या २०० मिलिलिटरच्या एका ग्लासातून तेवढाच रंग पोटात जातो. रंग हाताने, अंदाजाने टाकला असेल तर ही मर्यादा पाळली जाईलच असे नाही.

परवानगी नसलेले रंग

खरा धोका येथे आहे. मेटॅनिल यलो हा कापड रंगविण्याचा रंग मिठाई, डाळ व हळदीत भेसळीसाठी वापरला जातो. रोडामाइन-बी हा गुलाबी रंग ‘म्हातारीचे केस’ या खाऊत सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी व तामिळनाडू येथे त्याच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

लेड क्रोमेट हे तर खाद्यरंग नव्हेच. ते भिंती व लोखंड रंगविण्याच्या रंगातील शिसेयुक्त द्रव्य आहे. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची इजा होते. बुद्धी, एकाग्रता व वागणूक यांवर परिणाम होतो. त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. बांगलादेशात हळकुंडांस चमक आणण्यासाठी ते वापरले जाई. २०१९ साली तेथील बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. जनजागृती व कडक कारवाईनंतर २०२१ साली हे प्रमाण शून्यावर आले. म्हणजे मनावर घेतले तर ही भेसळ थांबविता येते.

हळद उत्पादकांनी काय करावे?

हळदीचा रंग तिच्यातील कुरकुमीनमुळे असतो. हळकुंडे योग्य शिजवून व पूर्ण वाळवूनच पॉलिश करावीत. शेवटच्या फेरीत चमक हवी असल्यास १०० किलो हळकुंडांस सुमारे २ किलो शुद्ध हळदपूड पाण्यात कालवून शिंपडावी व हळकुंडे पुन्हा उन्हात वाळवावीत. पॉलिश बाहेरून करून घेत असल्यास समोर उभे राहून करून घ्यावे. ‘रंगाची पावडर’ वापरू देऊ नये.

घरी घ्यावयाची काळजी

१. पाकिटावरील मजकूर वाचावा. १०२, ११०, १२२ व १२४ हे अनुक्रमे वरील चार रंगांचे क्रमांक होत.

२. मूल फार चंचल वाटत असल्यास तीन आठवडे रंगीत खाऊ पूर्ण बंद ठेवून वागण्यातील फरक वहीत टिपावा. मात्र चंचलतेची कारणे अनेक असतात. त्रास कायम राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

३. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळे होते. रंग मिसळलेला असल्यास ते गडद पिवळे होते. शिशाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

४. मटार किंवा भेंडीवर पाण्यात भिजविलेला कापसाचा बोळा घासावा. तो हिरवा झाल्यास रंग लावलेला आहे असे समजावे.

५. घरच्या पदार्थांस हळद, पालक, बीट किंवा कोकम यांचा रंग द्यावा. बीटचा रंग जास्त उष्णतेने तपकिरी पडतो, म्हणून तो शेवटी घालावा. सरबतास कोकम उत्तम.

ज्या रंगाने पोषण होत नाही, त्यासाठी मुलांचे आरोग्य पणास लावण्याचे कारण नाही. आपल्या घरातील मूल जो खाऊ खाते तो आणि आपल्या शेतातून बाजारात जो माल जातो तो, दोन्ही एकाच काळजीने पाहावेत.