समजतं, पण बोलता येत नाही : गटाने सिनेमा बघून इंग्रजी शिकूया

"सर, इंग्रजी समजतं हो, पण बोलता येत नाही" हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. त्यावर ठरलेला सल्लाही मिळतो : "इंग्लिश सिनेमे बघा, आपोआप सुधारेल." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. त्यातलं 'आपोआप' काही खरं नाही.

कॅनडातलं उदाहरण बघा. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेत बरेच विषय फ्रेंचमधून शिकवतात. अशा शाळांत काही वर्षं काढलेल्या मुलांना फ्रेंच छान समजायचं, पण बोलायला लागली की व्याकरण लंगडायचं. मेरिल स्वेन या भाषातज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये याचं कारण मांडलं. ऐकताना प्रसंगावरून, चेहऱ्यावरून, ओळखीच्या चार शब्दांवरून अर्थ लागून जातो. क्रियापदाचं रूप काय होतं याकडे बघायची गरजच पडत नाही. ती गरज पडते स्वतः वाक्य करायची वेळ आली की! म्हणजे सिनेमा कितीही बघितलात तरी तोंड उघडल्याशिवाय पुढचं काम होत नाही. आणि तोंड उघडायचं तर समोर कुणीतरी हवं. म्हणून गट.

गट चार-पाच जणांचा पुरे. दहा झाले की दोघं बोलतात आणि आठ जण माना डोलावतात. सिनेमाही एका दमात संपवायचा नाही. पाच ते आठ मिनिटांचा तुकडा, थांबवा, बोला, तोच तुकडा पुन्हा लावा.

आता सिनेमा कोणता? नववीच्या पुढच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', १९५७ चा, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. कृष्णधवल आहे, गाणी नाहीत, मारामारी नाही. पहिली दहा मिनिटं तुम्ही कुरकुर करणार हे गृहीत धरलंय. पण अख्खा सिनेमा म्हणजेच एक गटचर्चा आहे! अठरा वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. बारा ज्यूरी एका खोलीत बसलेत, बाहेर प्रचंड उकाडा. अकरा जण म्हणतात 'गुन्हेगार', एकटा म्हणतो, थांबा, आधी बोलू तर खरं. पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा त्याच खोलीत घडतो. बासू चटर्जींनी १९८६ मध्ये यावरूनच 'एक रुका हुआ फैसला' केला. गट अगदीच कच्चा असेल तर आधी तो हिंदी बघून घ्या. कथा माहीत असली की कान भाषेकडे मोकळे होतात.

या सिनेमात सगळा वाद शक्यतेचा आहे. आपण मराठीत 'तो घरी आहे', 'तो घरी असणारच', 'तो घरी असेल कदाचित' असे खात्रीचे चढउतार सहज करतो. इंग्रजीत मात्र गाडी 'ही इज ॲट होम' वर अडते. 'मस्ट' म्हणजे 'केलंच पाहिजे' एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. 'ही मस्ट बी ॲट होम' म्हणजे 'तो घरी असणारच' आणि 'ही माइट बी ॲट होम' म्हणजे 'असेल कदाचित', हे परीक्षेपुरतं पाठ होतं आणि विसरतं. वाद घालताना मात्र त्याच्याशिवाय चालत नाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने साक्ष दिलीय की धप्प आवाज ऐकून तो पंधरा सेकंदांत पलंगावरून दारापाशी आला आणि त्याने मुलाला पळताना पाहिलं. म्हाताऱ्याचा एक पाय ओढत चालतो. अंतर ५५ फूट, मध्ये दार. इथे सिनेमा थांबवा. शाळेच्या व्हरांड्यात ५५ फूट मोजा, एकाने पाय ओढत चालायचं, दुसऱ्याने मोबाइलवर वेळ लावायची. मग भांडा! 'ही कुडन्ट हॅव रीच्ड द डोअर', त्याला दारापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. 'बट ही माइट हॅव वॉक्ड फास्टर', पण तो जास्त भरभर चालला असेल. असं वाक्य स्वतःच्या मुद्द्यासाठी करावं लागलं की ते डोक्यात राहतं. त्यानंतरच पुढचा भाग लावा. सिनेमात आकडा येतो ४१ सेकंद. तुम्हाला आत्ता कळला, पण गटात आधी फोडू नका.

चर्चेत अडलात तर ते वाक्य मराठीत बोलून टाका आणि सगळे मिळून त्याचं इंग्रजी शोधा. मराठीवर बंदी घालणारे गट मला पटत नाहीत. बंदी घातली की ज्यांना बोलता येतं तेच बोलतात, बाकीचे गप्प.

पडद्यावर खाली अक्षरं ठेवायची तर इंग्रजीच ठेवा. मराठी किंवा हिंदी अक्षरं असली की डोळे वाचत सुटतात आणि कान झोपतात. ऐकू येणारी भाषाच खाली लिहिलेली दाखवली तर आवाज आणि अक्षर यांची गाठ पडते. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये हीच कल्पना साक्षरतेसाठी मांडली : टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द. इंग्रजीत तर याचा दुप्पट उपयोग, कारण लिहितात 'डिड यू' आणि ऐकू येतं 'डिजू'. लिहितात 'आय डोन्ट नो', ऐकू येतं 'आय डनो'. पहिल्यांदा अक्षरांसह बघा, दुसऱ्यांदा अक्षरं बंद करून.

लहान वर्गांना हा सिनेमा जड जाईल. त्यांच्यासाठी चॅप्लिनचा मूकपट घ्या. पडद्यावर कुणी बोलत नाही, त्यामुळे संवाद मुलांनीच घालायचे. 'कास्ट अवे' मधला बेटावरचा लांबलचक भागही चालेल. एकटा माणूस, सोबतीला एक व्हॉलीबॉल. तो आता काय करतोय, पुढे काय करेल, एवढं विचारलं तरी तास भरतो.

राहिला प्रश्न चुकांचा. गट मोडतात ते चुकांमुळे नाही, हसण्यामुळे. कुणी 'ही डोन्ट नो' म्हणालं आणि कोपऱ्यातून खुदकन आवाज आला, की ते मूल पुढचे कित्येक दिवस बोलत नाही. म्हणून नियम करा : बोलणाऱ्याचं पूर्ण होईपर्यंत कुणीही मध्ये दुरुस्ती करायची नाही. झाल्यावर एकाने तेच वाक्य बरोबर रूपात सहज म्हणायचं, बस्स.

आणि हीच चूक सिनेमातही आहे, लक्ष ठेवून बघा. एक तापट ज्यूरी आरोपी मुलाला हिणवतो की त्याला धड इंग्रजीसुद्धा बोलता येत नाही, आणि ते म्हणताना स्वतःच 'डझन्ट' च्या जागी 'डोन्ट' म्हणतो. दुरुस्ती कोण करतं? बाहेरून अमेरिकेत आलेला, घड्याळांचं काम करणारा ज्यूरी, ज्याच्या उच्चारातून तो परका असल्याचं लगेच कळतं. तिथे सिनेमा थांबवा आणि गटाला विचारा, या दोघांपैकी इंग्रजी कुणाची?