रचनाकाराची उलटतपासणी

प्रतिवादीच्या कागदात खोट निघाली म्हणून जमीन वादीची होत नाही. वादीला स्वतःचा हक्क स्वतःच्या पुराव्यावर शाबीत करावा लागतो. वकिलीच्या पहिल्याच वर्षी हे कळते. अमेरिकेत 'बुद्धिमान रचना' हा सिद्धांत विज्ञानाच्या नावाने शाळेत घुसवला गेला, त्याचे पितळ याच मुद्द्यावर उघडे पडले.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हरच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवले, की नववीच्या मुलांना उत्क्रांतीविषयी शंका घेणारे आणि 'बुद्धिमान रचने'चे पुस्तक सुचवणारे निवेदन वाचून दाखवायचे. अकरा पालक न्यायालयात गेले. सप्टेंबर २००५ मध्ये सुनावणी सुरू झाली.

मंडळाचे प्रमुख तज्ज्ञ साक्षीदार होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. त्यांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. जिवाणू ज्या शेपटीने पोहतो ती उंदराच्या सापळ्यासारखी. एक भाग काढला की सगळे निकामी. असे यंत्र हळूहळू घडेलच कसे? म्हणजे ते कुणीतरी रचले!

वाचकहो, इथे दोन विधाने एकात गुंडाळली आहेत. 'भाग काढले की उरलेले निरुपयोगी' हे तपासता येते आणि तपासले गेले आहे. शेपटीच्या तळाशी असलेल्या सुमारे दहा प्रथिनांशी जुळणारी प्रथिने काही जिवाणू दुसऱ्याच कामाला वापरतात, दुसऱ्या पेशीत विष टोचायला. केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ तर सापळ्याचे काही भाग काढून उरलेला टायला अडकवूनच साक्षीला आले होते!

दुसरे विधान, 'कुणीतरी रचले'. कुणी? केव्हा? कशाने? उत्तर नाही. शेपटी साधी असली तर त्याची मर्जी, गुंतागुंतीची असली तरी त्याचीच मर्जी. अशा रचनाकाराविरुद्ध पुरावा आणायचा कसा?

बीहींनी एक कसोटी सुचवली होती, हे मान्य केले पाहिजे. शेपटी नसलेले जिवाणू, पोहणे फायद्याचे ठरेल अशा स्थितीत, दहा हजार पिढ्या वाढवायचे; शेपटी उगवली तर त्यांचा दावा खोटा. उलटतपासणीत विचारले गेले, हा प्रयोग केला का? नाही. आणि समजा केला, शेपटी उगवली नाही, तर काय सिद्ध होते? दहा हजार पिढ्यांत उगवली नाही, इतकेच. रचनाकार तरीही गैरहजरच.

त्यांची 'सिद्धांता'ची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसते, हेही त्यांना कबूल करावे लागले. आपण हसण्याची घाई करू नये. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला.

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: हे विज्ञान नाही. हे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले.

मला मात्र जास्त आठवतो तो निवेदनात सुचवलेल्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांचा पुरावा. शाळेत सृष्टिवाद शिकवण्याची सक्ती अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केली आणि त्यानंतरच्या मसुद्यात 'सृष्टिवादी' खोडून 'रचनावादी' घातले गेले. एके ठिकाणी जुना शब्द पुरता खोडायचा राहिला. दोन्ही शब्द एकमेकांत अडकून छापले गेले. बनावट दस्तात जुनी शाई दिसावी, अगदी तसे.