रॉडवर लिहिलेलं '१०-३० ग्रॅम' म्हणजे काय? माशाचं वजन तर नक्कीच नाही!

नवा फिशिंग रॉड घेतला की दांड्यावर 'एमएच', '१०-३० ग्रॅम', '१०-२० एलबी' असं काहीतरी छापलेलं दिसतं. मग पहिला प्रश्न पडतो : ३० ग्रॅमच्या रॉडवर किलोभराचा मासा येणार कसा? येतो. कारण हा आकडा माशाचा नाही, फेकायच्या ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषाचा आहे.

पॉवर म्हणजे काय?

रॉड वाकवायला किती जोर लागतो, ती त्याची पॉवर. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, मीडियम-हेवी (एमएच), हेवी अशी ती चढत जाते. 'अ‍ॅक्शन' वेगळी. रॉड कुठे वाकतो, हे ती सांगते : 'फास्ट' रॉड टोकाकडे वाकतो, 'स्लो' रॉड जवळपास मुठीपर्यंत.

पॉवर मोजण्याची सगळ्या कंपन्यांची पद्धत एकच नाही. एकीचा मीडियम दुसरीच्या मीडियम-हेवीइतका कडक असू शकतो. म्हणून अक्षरांपेक्षा ग्रॅमचा आकडा बघा.

वजनाला मर्यादा का?

फेकताना ल्यूरच्या वजनाने रॉड मागे वाकतो आणि सरळ होताना ल्यूरला पुढे भिरकावतो. ल्यूर फार हलका असेल तर रॉड वाकतच नाही, फेक जवळच पडते. फार जड असेल तर कार्बनचा रॉड तडकन मोडू शकतो. दोरी तुटली, तर गळ लावलेला ल्यूर गोळीसारखा सुटतो. गर्दीच्या जेट्टीवर तो कुणाच्याही डोळ्याला लागू शकतो.

आकडा औंसात असेल तर १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. रबरी ल्यूर वापरताना जिगहेडचं वजनही धरा : १५ ग्रॅमचं जिगहेड आणि १० ग्रॅमचं रबर म्हणजे एकूण २५ ग्रॅम.

मग मोठा जिताडा लागला तर?

तिथे दोरी आणि रीलचा ड्रॅग कामाला येतो. ठरावीक ताण आला की ड्रॅग दोरी सोडतो. तो साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवतात. २० एलबी, म्हणजे सुमारे ९ किलोच्या दोरीला तो सव्वादोन ते तीन किलो येतो. पाण्यात माशाचा पूर्ण भार रॉडवर येत नाही, पण बाहेर काढताना येतो. म्हणून मोठा मासा रॉडने उचलू नका, जाळीने घ्या.

रॉड कसा निवडाल?

आधी तुमचे नेहमीचे ल्यूर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ते १५ ते २५ ग्रॅमचे असतील तर १०-३० ग्रॅमचा रॉड योग्य. नेहमीचं वजन मर्यादेच्या मधोमध असावं.

आणि एक लक्षात ठेवा : कार्बनमधून वीज वाहते. रॉड उभा करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे बघा. आभाळ गडगडू लागलं तर रॉड खाली ठेवून आधी आडोसा गाठा.