घरची बोली, फळ्यावरची मराठी

लेखमाला : वर्गात काय घडतं? | लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण वाचनाचे टप्पे पाहिले : अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. त्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मूल जो शब्द वाचतं, तो त्याच्या कानावरून आधी गेलेला असतो. धुळे जिल्ह्यातल्या शाळांचा विचार करताना हे गृहीतच आधी तपासावं लागतं.

धुळे, शिंदखेडा, साक्री, शिरपूर हे या जिल्ह्याचे चार तालुके. गावोगावी घरात अहिराणी बोलली जाते. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी ऐकू येते, तर साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात भिल्ली, मावची, कोकणी. २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी गटातली (अहिराणी याच गटात मोडते) असल्याचं नोंदवलं. भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांनी १९०७ मध्ये भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिल्ली भाषांच्या सोबतीने खानदेशीची स्वतंत्र नोंद केली होती. शाळेच्या कागदावर मात्र या सगळ्या मुलांचं माध्यम एकच, मराठी.

पहिलीतलं मूल घरी सहज म्हणतं, ‘मनी माय वावरमा शे.’ पाठ्यपुस्तकात हेच वाक्य ‘माझी आई शेतात आहे’ असं भेटतं. चार शब्दांपैकी एकही जुळत नाही. अक्षरं जोडून वाचताना मूल ‘शे-ता-त’पर्यंत पोहोचतं आणि थांबतं, कारण जोडून तयार झालेला शब्द बरोबर आहे की नाही, हे सांगणारी ओळख त्याच्याजवळ नसते. तेच मूल ‘वा-व-र’ जोडतं, तेव्हा शेवटचं अक्षर तोंडातून निघण्याआधीच त्याला शब्द कळलेला असतो. नवशिक्या वाचकाची मोठी मदत ही असते की ओळखीचा शब्द उच्चारलेल्या अक्षरांना दुजोरा देतो. तो दुजोरा काढून घेतला, की वाचन म्हणजे अर्थाशिवायचे आवाज. अशा मुलाला आपण मागे पडलेलं मूल ठरवतो. प्रत्यक्षात ते एकाच वेळी लिपी आणि नवी भाषा अशी दोन कामं करत असतं.

अहिराणी देवनागरीत लिहिता येते, ही आपली मोठी सोय आहे. मुलाचंच वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहावं, सगळ्यांनी ते वाचावं आणि मग त्याखाली प्रमाण मराठीतलं वाक्य लिहावं. याला वेगळं साहित्य लागत नाही. पहिले काही आठवडे गप्पा, गोष्टी आणि सूचना घरच्या बोलीत चालाव्यात. मूल काही सांगत असताना त्याला मध्येच दुरुस्त करू नये. अक्षरओळखही आधी ओळखीच्या शब्दांतून व्हावी. लिपी एकच असल्यामुळे अहिराणीतून शिकलेलं अक्षर मराठीत जसंच्या तसं कामाला येतं.

यानंतर प्रश्न येतो शुद्धलेखनाचा. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया. धुळ्याचं नावही बोलीत ‘धुये’ होतं. म्हणून मूल ‘डोया’ लिहितं आणि वहीत लाल खूण पडते. पण इथे मुलाने कानाला ऐकू येतं ते अक्षरांत नेमकं उतरवलेलं आहे. लिहायला शिकण्यातलं सर्वांत अवघड काम त्याला जमलेलं आहे. उरतं ते एवढंच, की त्याच्या एका उच्चारासाठी प्रमाण लेखनात दोन अक्षरं आहेत. ‘गाय’ तशीच राहते, ‘डोया’चा मात्र ‘डोळा’ होतो. शहरातल्या मुलांनाही ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक कानाने कळत नाही. तीही पाठांतराने आणि वाचनानेच तो पक्का करतात, पण त्यासाठी त्यांच्या भाषेला कुणी गावंढळ म्हणत नाही.

हा फरक शिकवायची एक चांगली रीत आहे. तिसरी-चौथीच्या मुलांनी घरातले ‘य’ असलेले शब्द गोळा करावेत आणि त्यांचे दोन गट करावेत : बदलणारे आणि न बदलणारे. मग ‘ले’ आणि ‘ला’ (मले, मला), ‘मा’ आणि ‘त’ (घरमा, घरात) अशा जोड्या लावाव्यात. नियम मुलांनी स्वतः शोधलेला असला, की तो लक्षात राहतो. शिवाय आपल्या बोलण्यालाही व्याकरण आहे, हे त्यांना दिसतं. ‘ना-नी’, ‘मा’, ‘शे’ या रूपांचं शेजारच्या गुजरातीशी जवळचं नातं आहे, हेही मोठ्या वर्गांत दाखवता येईल.

माध्यमिक शाळेत अडचण वेगळं रूप घेते. आठवी-नववीचा विद्यार्थी प्रमाण मराठी समजून घेतो, मैदानावर बोलतोही, पण विज्ञानाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडताना अडखळतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या दोन क्षमता वेगळ्या करून दाखवल्या. बोलचालीची नवी भाषा वर्ष-दोन वर्षांत येते, तर अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणून उत्तर तपासताना आधी कल्पना समजली आहे का ते पाहावं आणि भाषेची दुरुस्ती दुसऱ्या खर्ड्यात करावी. बोलल्यावर वर्ग हसतो, या भीतीने गप्प बसलेल्या मुलाला काय येतं, हे शिक्षकाला कधीच कळत नाही.

पालकांची काळजी खरी आहे. दहावीची परीक्षा प्रमाण मराठीत असते, नोकरीची मुलाखतही बहुधा तशीच. प्रमाण मराठी उत्तम यायलाच हवी. बोलीतून सुरुवात करायची, ती त्याचसाठी. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शक्य तिथे मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. पावरी किंवा भिल्ली बोलणाऱ्या मुलांसाठी दोन ओळी फळ्यावर लिहून भागणार नाही, कारण मराठीपासूनचं अंतर तिथे बरंच जास्त आहे. ओडिशाने आदिवासी भाषांत प्राथमिक वर्गांची पुस्तकं तयार करून तिथून राज्यभाषेकडे जाणारी वाट आखली. सातपुड्याच्या शाळांना तसंच काही हवं आहे.

बदलून आलेल्या गुरुजींना बोली येत नसेल तर? तर मुलांकडूनच रोज पाच शब्द शिकावेत आणि भिंतीवर लावावेत. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी-मराठी शब्दकोश शाळेच्या कपाटात असावा. लोकवर्गणीतून या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पडदे आणि प्रोजेक्टर आले आहेत. त्या पडद्यावर आजी-आजोबांच्या तोंडच्या गोष्टीही लागाव्यात. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत पोहोचली. त्यांची लेवा बोली पुण्याच्या मुलांना टिपा वाचून समजते. खानदेशातल्या वर्गात त्यातले कितीतरी शब्द मुलंच शिक्षकांना समजावून देऊ शकतात. अशा तासाला मुलांना पुढे बोलावून तसं करू द्यावं. आपल्या शब्दांना वर्गात किंमत आहे हे ज्याने अनुभवलं, ते मूल परके शब्द शिकायलाही बिचकत नाही.

पुढच्या आठवड्यात : वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकाच खोलीत बसवणारी दोन शिक्षकी शाळा कशी चालते?