परक्या जिवाणूची साक्ष

२०१८च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने माणसं दगावली. गवतातल्या माइटची अळी चावते आणि ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू अंगात शिरतो. (माइट कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला.) डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध त्यावर चालतं. अडतं ते निदानापाशी.

या निदानाच्या इतिहासात मला सर्वांत नवल वाटतं ते वाइल आणि फेलिक्स यांचं. उवांमुळे पसरणाऱ्या टायफसच्या रुग्णाचा रक्तद्रव प्रोटियस या भलत्याच जिवाणूच्या गुठळ्या करतो, हे त्यांना १९१६ साली दिसलं. पुढे प्रोटियसचाच एक वाण स्क्रब टायफससाठी कामी आला. चाचणी स्वस्त, साध्या प्रयोगशाळेत होणारी. पण परक्याच्या साक्षीवर किती विसंबायचं? बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात. एलायझा खुद्द ओरिएन्शियाचं प्रथिन वापरते, म्हणून अधिक भरवशाची. तरी प्रतिपिंडं दिसू लागेपर्यंत तापाचा पहिला आठवडा बहुधा उलटत आलेला असतो, आणि जिवाणूचे वाण इतके की एकाचं प्रथिन दुसऱ्याला नीट ओळखत नाही. पीसीआर थेट जनुकं शोधते. पण हा जिवाणू राहतो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, रक्तात विरळ. चाव्याच्या जागी काळी खपली असेल, तर तिथे तो सापडण्याची शक्यता अधिक. ती बहुधा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली लपलेली असते. मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही.