आंबोलीचा बेडूक आणि आपलं डबकं



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब चालू होता. मधेच एक आजी म्हणाल्या, "पोरी, पाऊस पडून आठ दिस झालं, पण यंदा बेडूक काय वरडला नाही बघ." सगळ्या हसल्या. मी मात्र घरी जाईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होते. पाऊस लांबला की धोंडी काढतात, काही गावांत धोंडीबरोबर बेडूकही फिरवतात. पाऊस आणि बेडूक यांचं नातं आपल्याला नवीन नाही. पण बेडूक कमी का होतो? हे समजायला एका लांबच्या बेडकाची माहिती उपयोगी पडते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात आंबोली हे घाटमाथ्यावरचं गाव आहे. आपल्या राहुरी तालुक्यात वर्षाला साधारण पाचशे मिलीमीटर पाऊस होतो, तिथं सात हजारांच्या आसपास! भोवती दाट जंगल आणि मधे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट माळ. त्यांना तिकडं 'सडा' म्हणतात. या सड्यांवर काड्यापेटीहून लहान असा एक बेडूक राहतो. त्याचं नाव आंबोली टोड. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावातही वाघ आला. ही वेगळी जात आहे, अशी नोंद शास्त्रज्ञांनी २००९ साली केली.

उन्हाळाभर हा दगडाखाली, कपारीत दडून असतो. पहिला पाऊस झाला की सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचतं. तेही किती, तर बोटभर! तेवढ्या पाण्यात मादी थोडीशीच अंडी घालते. सगळ्यांची ही घाई पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या दिवसांत चालते. मधे पावसानं उघडीप दिली आणि खळगा आटला, तर ती पिल्लं गेलीच.

आता बघा, बाहेरच्या माणसाला सडा म्हणजे नुसता पडीक खडक. तिथं गाडी लावली, बांधकाम केलं, कचरा टाकला, तर कुणाचं काय बिघडतं? पण हा बेडूक आंबोलीच्या आसपासच सापडतो. पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांखालीही कितीतरी चिरडले जातात. त्याचं नाव आज जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. जंगल उभं असलं तरी अंडी घालायचा खळगा गेला, की बेडूक गेला.

आपल्याकडं तो बेडूक नाही. आपला मोठा बेडूक पावसात पिवळाधमक होतो आणि रात्रभर डराव डराव करतो. तो बऱ्याच भागांत आढळतो, पण त्यालाही अंडी घालायला पावसाचं साचलेलं पाणीच लागतं. पिकावरचे किडे खाऊन तो शेताची राखण करतो. एकेकाळी आपल्या देशातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जायच्या. १९८७ साली सरकारनं ती निर्यात बंद केली.

आता बेडूक पकडून नेत नाहीत, पण मारतो आपणच, नकळत. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि श्वासही घेतो. त्यामुळं पाण्यातलं औषध थेट त्याच्या अंगात भिनतं. म्हणून एवढं करू या:

१. फवारणीचा पंप ओढ्यात, चारीत किंवा डबक्यात धुवायचा नाही. औषधाच्या बाटल्याही तिथं फेकायच्या नाहीत.
२. ऊस तुटल्यावर पाचट पेटवायचं नाही, सरीत कुजवायचं. जमिनीला खत मिळतं आणि बेडकाला ओलावा.
३. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद गुळगुळीत असतो, आत पडलेला जीव वर येऊ शकत नाही. एका कडेला गोणपाट किंवा जाड दोर सोडून ठेवा.
४. बांधाच्या कडेला पावसाचं एखादं डबकं आपोआप साचत असेल, तर मुरूम टाकून बुजवू नका. घराजवळचं पाणी मात्र साचू द्यायचं नाही, डासांमुळं.

यातल्या एकाही कामाला कर्ज लागत नाही. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या वस्तीवर बेडूक ओरडला का, ते ऐकून या. ठराव वहीत शेवटी एक ओळ त्याचीही लिहू. आजींना उत्तर द्यायचंय ना!

तुमची,
क्षेत्र समन्वयक, देवळाली प्रवरा