फळांचं गोड: हलकं किती, जड किती?

घरी पाहुणे आले की श्रीखंडाऐवजी फ्रूट सॅलड करण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ‘फळंच तर आहेत’ म्हणत दुसरी वाटी बिनघोर घेतली जाते. रात्री फ्रीज उघडून उभ्या उभ्या पातेल्यातून आणखी चार चमचे पोटात जातात आणि झोपताना मनाला टोचणी लागते. खाण्यावर ताबा ठेवणं ज्यांना जड जातं त्यांना ही बेफिकिरीही भोवते आणि नंतरची टोचणीही. दोन्हींच्या मुळाशी गैरसमज आहेत.

गैरसमज: फळांचं गोड हलकंच असतं.

फळ हलकं असतं, हे खरंच. १०० ग्रॅम कलिंगडात सुमारे ३० कॅलरी असतात, पपईत ४३, हापूससारख्या गोड आंब्यातही ६०च्या आसपास. जडपणा येतो तो फळाच्या सोबत्यांमुळे. अर्धा लिटर दुधाच्या कस्टर्डमध्ये ५० ग्रॅम साखर घातली आणि त्याच्या चार वाट्या केल्या, तर प्रत्येक वाटीत तीन चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, शक्यतो ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. दुसऱ्या वाटीतच ती मर्यादा संपते, आणि दिवसभराचा चहा अजून मोजलेलाच नाही! अख्ख्या ताज्या फळातली साखर मात्र संघटनेने या मर्यादेत धरलेली नाही.

गैरसमज: रस काढला तरी फळ ते फळच.

१९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि चोथा काढलेला रस. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला आणि पोट भरल्याचं समाधान त्यानेच सर्वांत कमी दिलं. गर मधोमध राहिला. रस आणि गर घेतल्यावर रक्तातलं इन्सुलिनही अख्ख्या फळापेक्षा जास्त चढलं. रायवळ आंबा चोखून खाताना एकाशी किती वेळ जातो आणि आमरसाची वाटी किती पटकन रिकामी होते, हे आठवा. आमरस सोडा असं मी म्हणणार नाही, पण त्यात साखर घालू नये आणि तो जेवणातलाच पदार्थ समजावा, वरचा नव्हे.

गैरसमज: साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला की झालं.

चव बदलते, हिशेब फारसा बदलत नाही.

गैरसमज: माइंडफुल ईटिंग म्हणजे घास मोजून चावणं.

घास पार पातळ होईपर्यंत चावा, असा प्रचार होरेस फ्लेचर या अमेरिकी माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी केला होता. लक्ष देऊन खाणं ही गोष्ट वेगळी. जॉन कबाट-झिन यांनी १९७९पासून मॅसॅच्युसेट्समध्ये चालवलेल्या वर्गांत त्याचा सराव एका बेदाण्यावर होई: आधी पाहायचा, हुंगायचा, मग जिभेवर ठेवायचा. २०१३ साली आधीच्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं, की दुसरीकडे लक्ष ठेवून खाणारे त्या वेळी जास्त खातातच, पण पुढच्या खाण्यालाही जास्त खातात. म्हणून मोबाइल बाजूला ठेवा, गोड वाटीत वाढून घ्या आणि बसून खा. सुरुवातीला एवढंच पुरे.

शिकरण यासाठी उत्तम. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते, वेगळी घालावी लागत नाही. मिक्सर नको. काट्याने जाडसर कुस्करा, दूध बेताचं, वर वेलची. गुठळ्या राहतात, त्यामुळे चावावं लागतं आणि वाटी चटकन संपत नाही.

गैरसमज: ताबा सुटतो तो मन दुबळं म्हणून.

या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. टोचणी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण टाळायचं आणि संध्याकाळी भुकेने कासावीस होऊन पुन्हा पातेल्यावर तुटून पडायचं, या चक्रातून इच्छाशक्तीने सुटका होत नाही. वेळेवर पोटभर जेवणं हा त्यावरचा पहिला उपाय. पण थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, थांबताच न येणं, लपून खाणं आणि मग स्वतःची किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि तीन महिने चाललं असेल, तर तो आजार असू शकतो. मानसोपचारात २०१३पासून त्याचं स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर उपचारही आहेत. असं होत असेल तर आणखी एक डाएट सुरू करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि जे होतं ते न लाजता सांगा.